गुप्त दफनांचा शोध: फॉरेन्सिक पुरातत्त्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खून करून पुरलेले मृतदेह शोधण्याच्या कामाच्या बातम्या येतात तेव्हा चर्चा बहुतेक यंत्रांची होते. इथे मातीबद्दल जास्त लिहिले आहे, कारण या कामात सर्वांत जास्त बोलते ती माती. काही उत्तरांत मृतदेहांच्या अवस्थेचे वर्णन आहे. ते वाचणे जड जात असेल तर तेवढा भाग सोडून पुढे जावे.

फॉरेन्सिक पुरातत्त्व म्हणजे नेमके काय?

पुरातत्त्वज्ञ जुनी वसाहत ज्या पद्धतीने शोधतो, उकरतो आणि नोंदवतो, तीच पद्धत गुन्ह्याच्या तपासासाठी वापरणे म्हणजे फॉरेन्सिक पुरातत्त्व. फरक एवढाच, की इथे निघालेली प्रत्येक वस्तू उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहणार असते आणि मेलेल्या माणसाची वाट पाहणारे कोणीतरी अजून जिवंत असते.

याच्या शेजारची शाखा म्हणजे फॉरेन्सिक मानवशास्त्र. ढोबळ वाटणी अशी: पुरातत्त्वज्ञ दफन वाचतो, मानवशास्त्रज्ञ हाडे वाचतो. प्रत्यक्षात दोघे एकाच खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसलेले असतात.

खणायचेच तर आहे, मग त्यासाठी पुरातत्त्वज्ञ कशाला?

कारण एकदा हललेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

कोणतीही न हललेली जमीन थराथराने बनलेली असते. वर काळपट, मुळांनी भरलेली माती. तिच्याखाली फिकट माती. त्याखाली मुरूम किंवा खडक. खड्डा खणणारा माणूस हे थर कापतो आणि घाईघाईने बुजवताना सगळे एकत्र करतो. वरची काळी माती तळाशी जाते, मुरमाचे ढेकूळ वर येतात. खड्ड्याची कड मात्र तशीच राहते. दहा, पन्नास किंवा हजार वर्षांनीही वरचा थर अलगद खरवडला, तर वेगळ्या रंगाचा आणि पोताचा तो चौकोनी-लांबट डाग डोळ्यांना दिसतो.

त्या कडेच्या आत बरेच काही असते. ओलसर चिकण मातीच्या भिंतीवर फावड्याच्या पात्याचे ठसे उमटलेले असतात. पात्याला खाच असेल तर तीही उमटते. तळाशी बुटांचे ठसे मिळू शकतात. खड्डा एका बैठकीत खणला की आदल्या दिवशी तयार ठेवला होता, याचा अंदाज तळाशी साचलेल्या गाळावरून आणि पावसाने वाहून आलेल्या मातीवरून बांधता येतो. आधीच खणलेला खड्डा म्हणजे पूर्वतयारी. पूर्वतयारी सिद्ध झाली, की खटल्याचा रोखच बदलतो.

आता विचार करा. कुदळ-फावडे घेऊन चार माणसे उतरली आणि त्यांनी तासाभरात मृतदेह वर काढला. मृतदेह मिळाला, पण तो पुरणाऱ्याबद्दल मातीने जपून ठेवलेले सगळे तासाभरात पुसले गेले. उत्खनन हा पुरावा नष्ट करत करत वाचण्याचा प्रकार आहे. दुसरी संधी नसते, म्हणून हे काम शिकलेल्या हातांनीच व्हावे असा माझा आग्रह आहे.

शोधाची सुरुवात कुठून होते?

कागदांपासून आणि माणसांपासून. जुने नकाशे, त्या काळातले हवाई फोटो, उपग्रहाची चित्रे, साक्षीदारांचे जबाब. जमिनीवर पाऊल त्यानंतर पडते.

मग पुरणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. मृतदेह जड असतो. एकट्या माणसाला तो चढावर फार लांब नेता येत नाही. गाडी कुठपर्यंत जाते? आडोसा कुठे आहे? रात्रीच्या अंधारात खूण म्हणून कोणते झाड, कोणता खांब, कोणते वळण लक्षात राहील? खणायला सोपी माती कुठे आहे? डोंगराएवढा भाग या प्रश्नांनी चार-दोन पट्ट्यांवर येतो. एकट्या मृतदेहाचे दफन सहसा उथळ असते, बरेचदा गुडघ्याएवढेच. कारण साधे आहे: पुरणारा घाईत असतो, घाबरलेला असतो आणि खणणे कष्टाचे असते.

साक्षीदाराची आठवण मात्र जपून वापरावी लागते. माणूस खोटे बोलत नसला तरी तीस वर्षांत झाडे वाढतात, रस्ता सरकतो, दलदलीतले कुजके गवत उपसून नेलेले असते. तो ज्या ‘मोठ्या झाडापाशी’ बोट दाखवतो, ते त्या काळी रोपटे असू शकते.

नुसते पाहून जमिनीवर काही कळते का?

कळते, आणि पुष्कळ कळते. नवे दफन थोडे उंच दिसते, कारण सुटी झालेली माती जास्त जागा घेते. महिन्यांनी ती खाली बसते आणि उथळ खोलगट भाग तयार होतो. पुढे बरगड्या आणि पोटाचा भाग ढासळला, की त्या खोलगट भागात आणखी एक छोटा खळगा पडतो. तिथे पाणी साचते, पालापाचोळा अडकतो.

झाडोरा तर उत्तम खबऱ्या. उकरलेल्या जागी आधी मोकळ्या जमिनीवर झपाट्याने येणारे तण उगवते. कुजण्यामुळे मातीत नत्र वाढते, मग तिथलेच गवत आजूबाजूपेक्षा हिरवेगार होऊ शकते. उलटही घडते: मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असेल तर मुळांना खाली जाता येत नाही आणि वरचे गवत खुरटते. म्हणून ‘हिरवे दिसले की दफन’ असा नियम नाही. शेजारच्या जमिनीपेक्षा वेगळे काय, एवढेच पाहायचे. सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य तिरपा असताना फिरावे. दुपारी न दिसणारे उंचवटे त्या वेळी सावल्यांमुळे उठून दिसतात.

रडारने जमिनीतला मृतदेह दिसतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे, की नातेवाईकही ‘मशीन का आणत नाही’ असे विचारतात. त्यांना दोष देता येत नाही, पडद्यावर तसेच दाखवतात.

जीपीआर नावाचे रडार जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडते. खाली मातीचा गुणधर्म जिथे अचानक बदलतो, तिथून लहरी परत येतात. पडद्यावर कमानीसारखी रेघ उमटते. ती कमान मृतदेहाची असू शकते, तशीच झाडाच्या मुळाची, दगडाची, जुन्या नळाची किंवा सशाच्या बिळाचीही. कोरड्या वाळूत हे यंत्र छान चालते. चिकण किंवा खारट ओल्या मातीत लहरी वरच्यावर शोषल्या जातात आणि हाती जवळजवळ काही लागत नाही.

दुसरी पद्धत मातीचा विद्युतरोध मोजण्याची. कुजताना निघणाऱ्या द्रवांमुळे मातीतून वीज सहज वाहते, त्यामुळे रोध कमी दिसतो. मृतदेह प्लास्टिकमध्ये असेल तर याच्या उलट. चुंबकीय मोजणी आणि मेटल डिटेक्टर बंदुकीच्या पुंगळ्या, बक्कल, चाव्या यांच्यासाठी उपयोगी.

ही माहिती हवेतून आलेली नाही. अमेरिकेतील कोलोरॅडोत १९८० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी मेलेली डुकरे पुरून वर्षानुवर्षे त्या जागांवर एकेक पद्धत तपासली. त्यातूनच नेक्रोसर्च ही संस्था उभी राहिली. यंत्र ‘इथे आधी पाहा’ एवढे सांगते. खरे-खोटे करते ती मातीवर चाललेली छोटी थापी.

आणि प्रशिक्षित कुत्रे?

त्यांच्यावर माझा यंत्रांपेक्षा जास्त विश्वास आहे, पण कुत्रा दफन दाखवत नाही, वास दाखवतो. उतारावर पाण्याबरोबर वास खाली वाहतो, झाडाची मुळे तो ओढून घेतात, भेगांमधून तो दुसरीकडेच वर येतो. कुत्रा बसतो त्या जागेपासून दफन काही मीटर वर असू शकते. म्हणून पथके आधी पातळ सळईने जमिनीला छिद्रे पाडतात, आतला वास बाहेर येऊ देतात आणि मग कुत्र्याला फिरवतात. दमट, फार गरम नसलेली हवा सर्वांत चांगली.

मेक्सिकोत बेपत्ता मुलांना शोधणाऱ्या मातांनी ही सळई स्वतःच्या हातात घेतली आहे. तिथे अधिकृत नोंदीतच एक लाखाहून अधिक माणसे बेपत्ता आहेत. या बायका टी आकाराची लोखंडी सळई हातोड्याने जमिनीत ठोकतात, बाहेर काढतात आणि तिच्या टोकाचा वास घेतात. सरकारी यंत्रणा पोहोचली नाही तिथे त्यांनी असे शेकडो खड्डे शोधले. एखाद्या आईला हा वास ओळखायला शिकावे लागते, हे वाचताना माझा हात थांबतो.

प्रत्यक्ष खणतात कसे?

मोठ्या भागात वरचा थर यंत्राने काढतात, पण दात नसलेल्या सपाट बकेटने, काही सेंटिमीटरांच्या पापुद्र्याने, आणि समोर एक माणूस सतत नजर ठेवून उभा असतो. डाग दिसला की यंत्र थांबते.

पुढचे काम हाताने. खड्ड्याची कड आधी ठरवायची आणि बुजवलेली माती तेवढीच काढायची, म्हणजे भिंती जशा होत्या तशा उघड्या पडतात. मृतदेहाजवळ धातूची अवजारे बाजूला ठेवतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या काड्या, कुंचले, प्रसंगी चमचा. प्रत्येक वस्तूची जागा तीन मोजमापांत नोंदवली जाते. फोटो आणि आराखडा हवाच, आता त्रिमितीय प्रतिकृतीही करतात. निघालेली सगळी माती चाळणीतून जाते. बाळाची हाडे, सुटा दात, गोळीचा तुकडा हे चाळणीतच सापडतात. शेजारच्या न हललेल्या जमिनीचेही नमुने घेतात, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रत्येक पिशवीवर क्रमांक, वेळ, सही. ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची साखळी एका ठिकाणी तुटली, तरी बचावपक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

दफन कधी झाले, हे कसे कळते?

पुरातत्त्वाचा जुना नियम इथे चालतो: खड्ड्यात सापडलेली सर्वांत नवी वस्तू बनण्याआधी तो खड्डा बुजवलेला असू शकत नाही. नाण्यावरचे साल, वेष्टनावरची तारीख, तिकिटाचा तुकडा यांवरून ‘याच्या आधी नक्की नाही’ अशी एक हद्द मिळते. दुसरी हद्द झाडे देतात. दफनाच्या मातीत शिरलेल्या मुळाची वलये मोजली, की खड्डा किमान किती वर्षांपूर्वी बुजवला ते कळते.

रशियातील कातीनच्या जंगलाचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिकांना ठार मारले. त्यांतले काही हजार कातीनमध्ये पुरले आणि वर पाइनची रोपे लावली. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे उत्खनन झाले. रोपे तीन वर्षांपूर्वी तिथे आणून लावल्याचे त्यांच्या वलयांतून दिसले. मृतांच्या खिशांतली वर्तमानपत्रे आणि रोजनिश्या १९४० च्या वसंत ऋतूत थांबत होत्या. सोव्हिएत सरकार मात्र हे जर्मनांनी १९४१ मध्ये केले असे सांगत राहिले. उत्खनन नाझींनी स्वतःच्या प्रचारासाठी केले होते, त्यामुळे त्यावर अविश्वास दाखवणे सोपेही गेले. पण मुळांना प्रचार कळत नाही. सोव्हिएत सरकारने १९९० मध्ये जबाबदारी मान्य केली.

बॉस्नियातील स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाच्या खटल्यांत मनगटी घड्याळे उपयोगी पडली. हाताच्या हालचालीवर चालणारे घड्याळ हात थांबल्यावर एक-दोन दिवसांत बंद पडते. मृतांच्या घड्याळांवर थांबलेले वार आणि तारखा जुलै १९९५ कडे बोट दाखवत होत्या.

मृतदेह मातीत किती दिवसांत नाहीसा होतो?

ठराविक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उष्ण, हवा खेळणाऱ्या मातीत काही महिन्यांत सांगाडा उरू शकतो. ओल्या, हवा नसलेल्या चिकण मातीत चरबीचे मेणासारखे द्रव्य बनते आणि मृतदेह दशके टिकतो. बॉस्नियात तोमाशित्सा इथे १९९२ साली पुरलेल्यांचे सामूहिक दफन २०१३ मध्ये सापडले. ते जागोजागी दहा मीटर खोल होते आणि चारशेहून अधिक माणसे त्यात होती. एकवीस वर्षांनंतरही त्या चिकण मातीत कित्येकांचे मऊ अवयव शिल्लक होते. आम्लधर्मी मातीत याच्या उलट हाडेच विरघळतात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीत तर कातडी राहते आणि हाडे जातात.

सापडलेले हाड माणसाचेच, आणि अलीकडचेच, हे कशावरून?

माणसाचे की प्राण्याचे, हे जाणकार आकारावरून बहुतेक वेळा पटकन सांगतो. हाड किती जुने, हा प्रश्न अवघड. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) एकदम वाढला, मग हळूहळू उतरला. त्या काळानंतर जगलेल्या माणसाच्या दातांत आणि हाडांत ही खूण राहते.

१९८३ मध्ये इंग्लंडमधील लिंडो मॉस या दलदलीत कामगारांना एका बाईच्या कवटीचा तुकडा मिळाला. जवळच पूर्वी राहणाऱ्या एका माणसाची बायको वीसेक वर्षांपूर्वी बेपत्ता झाली होती. कवटी सापडल्याचे समजताच त्याने खुनाची कबुली दिली. नंतर कार्बन चाचणी झाली, तर कवटी सुमारे १,७०० वर्षांपूर्वीची, रोमन काळातली निघाली. त्याला कबुलीवरून शिक्षा झाली. त्याच्या बायकोचे अवशेष मात्र मिळालेच नाहीत.

गुन्हेगारांनी मृतदेह नंतर दुसरीकडे हलवले असतील तर?

तर काम अनेक पटींनी कठीण होते, पण जुनी जागा रिकामी होत नाही.

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्साच्या सुमारे ८,००० पुरुष आणि मुलग्यांना मारून मोठ्या खड्ड्यांत पुरले. काही आठवड्यांनी मारेकऱ्यांनीच यंत्रे आणून ते खड्डे उपसले आणि अवशेष ट्रकमधून दूरच्या दऱ्यांत नेऊन पुन्हा पुरले. यंत्राच्या दातांनी शरीरे तुटली. एकाच माणसाची हाडे चार-पाच ठिकाणी मिळाल्याची उदाहरणे आहेत. एका आईला मुलाची मांडी आधी मिळते, कवटी तीन वर्षांनी. दफन कधी करायचे, हा निर्णय तिने घ्यायचा.

तरीही साखळी जुळली. दोन्ही जागांची माती आणि त्यातले परागकण सारखे निघाले. कोझलुक इथे ज्या जागी गोळ्या घातल्या, तिथे बाटल्या भरण्याच्या कारखान्याची हिरवी काच पडलेली होती. तीच काच दूरच्या दुय्यम दफनांत सापडली. पुरावा लपवण्यासाठी केलेली धडपडच पुरावा झाली.

चिलीतील कालामाच्या बायकांनी १९७३ मध्ये मारल्या गेलेल्या आपल्या माणसांना अताकामाच्या वाळवंटात फावड्यांनी शोधले. १९९० मध्ये त्यांना जागा सापडली, पण मृतदेह आधीच उपसून नेलेले होते. यंत्राने मागे ठेवलेले हाडांचे लहान तुकडे तेवढे हाती आले.

ओळख कशी पटते?

हाडांवरून वय, उंची, लिंग, जुने अस्थिभंग. दातांवरून दंतवैद्याच्या नोंदी. शेवटी डीएनए, आणि तो जुळवायला नातेवाइकांचे नमुने लागतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा करून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. स्रेब्रेनित्सातल्या जवळजवळ ७,००० जणांची ओळख अशीच पटली.

या क्षेत्राची पायाभरणी अर्जेंटिनात झाली. लष्करी राजवटीनंतर, १९८४ मध्ये, क्लाइड स्नो हे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ तिथे गेले. अनुभवी लोक पुढे येईनात, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन काम सुरू केले. त्यांतूनच अर्जेंटिनाचे फॉरेन्सिक मानवशास्त्र पथक उभे राहिले. २००५ मध्ये त्यांनी बेनामी पुरलेल्या अवशेषांतून असुसेना व्हियाफ्लोर यांना ओळखले. बेपत्ता मुलांसाठी प्लासा दे मायो चौकात जमणाऱ्या मातांची संघटना त्यांनी सुरू केली होती, आणि १९७७ मध्ये त्यांनाही उचलून नेले होते. त्यांची हाडे उंचावरून पडल्यासारखी मोडलेली होती. कैद्यांना विमानातून समुद्रात फेकत, या आरोपाशी ते जुळत होते.

नातेवाइकांनी स्वतः खणू नये असे का म्हणतात?

२००३ मध्ये इराकमध्ये सद्दामची राजवट पडल्यावर अल-महावीलच्या सामूहिक दफनांवर लोक धावले. यंत्राने माती उपसली गेली, हाडे एकमेकांत मिसळली, अनेकांची ओळख कायमची हरवली. त्या लोकांना नावे ठेवण्याचा मला काही अधिकार नाही. इतकी वर्षे ज्यांना कोणी दाद दिली नाही, ते थांबतील कसे? दोष त्यांना वेळेवर मदत न देणाऱ्यांचा.

कुटुंबांना दूर ठेवणे हाही उपाय नव्हे. त्यांना जागेवर येऊ द्यावे, रोज काय झाले ते साध्या शब्दांत सांगावे, वाईट बातमी वर्तमानपत्राच्या आधी त्यांना कळावी.

माहितीच्या बदल्यात गुन्हेगाराला अभय देणे योग्य आहे का?

उत्तर आयर्लंडच्या संघर्षात गुपचूप पुरलेल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांनी १९९९ मध्ये एक स्वतंत्र आयोग नेमला. त्याला दिलेली माहिती खटल्यात वापरता येत नाही. या सोयीमुळे बहुतेकांचे अवशेष घरी परतले. २०१५ मध्ये एकाला शोधताना एकाच खड्ड्यात दुसरेच दोघे सापडले. सायप्रसमधील समितीही २,००२ बेपत्ता ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांना शोधताना दोषी ठरवण्याचे काम करत नाही.

मला हे पटते, पण पूर्ण नाही. म्हातारी आई मरायच्या आधी तिला मुलगा मिळाला पाहिजे. त्याच वेळी, मारणारा शेजारच्या रस्त्यावरून निवांत फिरतो हे तिने का सोसावे? हा प्रश्न विज्ञान सोडवू शकत नाही. कुटुंबांना विचारल्याशिवाय कोणीही सोडवू नये.

काहीच सापडले नाही, तर सगळे वाया गेले का?

नाही, मात्र अट एक आहे. कोणता तुकडा, किती खोलीपर्यंत, कोणत्या पद्धतीने तपासला, याची काटेकोर नोंद हवी. ‘इथे नाही’ हे खात्रीने सांगता आले, तर पुढचा शोध लहान होतो. इंग्लंडमधील सॅडलवर्थ मूरवर १९६० च्या दशकात मारल्या गेलेल्या मुलांपैकी एकाचा मृतदेह १९८७ मध्ये मिळाला, तर एक मुलगा अजून सापडलेला नाही. २०२२ मध्ये तिथे पुन्हा खणले, हाती काही लागले नाही.

मला कुठे हाडे किंवा संशयास्पद उकरलेली जागा दिसली तर काय करू?

हात लावू नका. उचलून पाहू नका, आजूबाजूचे गवतही उपटू नका. उभे आहात तिथूनच फोटो घ्या, शक्य असल्यास शेजारी काहीतरी मापाला ठेवून. मोबाइलवर ठिकाण नोंदवा. आला त्याच वाटेने परत जा आणि पोलिसांना कळवा. तुम्ही कुठून चालत गेलात, तेही त्यांना सांगा, म्हणजे तुमच्या पावलांचे ठसे वेगळे काढता येतील.